पैसे एचडीचे, चित्र कुठलं?

आज आपण टीव्हीबद्दल बोलू. मालिकांबद्दल नाही, त्या पेटीमागच्या वायरीबद्दल.

आमच्या बचत गटाने बैठकीच्या खोलीसाठी बत्तीस इंची टीव्ही घेतला. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून एचडीचा पॅकही घेतला. सहा महिने जास्तीचे पैसे भरले, पण चित्र धूसरच. बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं लागत नव्हती. आमच्यातल्या एक मावशी तर म्हणाल्या, "माझे डोळेच गेले गं." आणि त्या मागे जाऊन बसू लागल्या. टीव्ही विकून दुसरा घ्यायचा, असंही ठरत आलं होतं.

मग एका ताईंच्या आयटीआयला जाणाऱ्या मुलीने टीव्हीच्या मागे डोकावून पाहिलं. बॉक्स एचडीचा, टीव्ही एचडीचा, पण जोडणी जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची. त्या पिवळ्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. त्यासाठी एचडीएमआय नावाची चपट्या तोंडाची केबल लागते. तिच्या एकाच वायरीतून चित्रही येतं आणि आवाजही.

फरक किती, ते रांगोळीवरून समजून घेऊ. ठिपके जास्त, तेवढी नक्षी बारीक. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे चार लाख ठिपके असतात. पूर्ण एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. जवळजवळ पाचपट!

तर आपापल्या घरी एवढं तपासा.

पहिलं, टीव्ही आणि बॉक्स दोन्ही बटणावरून बंद करा आणि मगच केबल जोडा. केबल टीव्हीच्या ज्या खाचेत बसवली, तीच खाच रिमोटवरच्या 'सोर्स' किंवा 'इनपुट'मध्ये निवडा.

दुसरं, बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८० आणि आकार १६:९ ठेवा. माणसं बुटकी-जाडी दिसत असतील, तर हा आकारच चुकलेला असतो.

तिसरं, एकाच वाहिनीचे साधा आणि एचडी असे दोन वेगळे क्रमांक असतात. आपण सवयीने जुनाच क्रमांक दाबतो. नावापुढे एचडी लिहिलेला क्रमांक लावा. दोन्हींचे पैसे जात असतील, तर साधी वाहिनी पॅकमधून काढून टाका.

चौथं, दुकानात भडक दिसावा म्हणून टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वर ठेवलेला असतो. घरी 'स्टँडर्ड' ठेवा. 'शार्पनेस' फार वाढवलं तर कडा खरखरीत दिसतात.

पाचवं, चित्राचे चौकोन पडत असतील किंवा ते अडकत असेल, तर दोष टीव्हीचा नसतो. तिथे सिग्नल कमी पडतोय. आपल्याकडे छत्री साधारण आग्नेयेकडे तोंड करून असते. वाऱ्याने ती हलली का, समोर झाडाची फांदी वाढली का, ते खालूनच बघा. जोराच्या पावसात चित्र गेलं तर थांबा, पाऊस ओसरला की येतं. ओल्या पत्र्यावर कुणी चढू नका.

आणि घरात जुना डबा टीव्ही असेल, तर एचडीचे पैसे भरूच नका. त्यावर ते ठिपके दिसणारच नाहीत. महिन्याचं भाडं परवडत नसेल, तर दूरदर्शनची फ्री डिश आहेच. तिला मासिक शुल्क नाही.

आमची केबल बदलली त्या दिवशी मावशींना पुढे बोलावलं. त्यांनी खालची पट्टी मोठ्याने वाचून दाखवली. आम्ही सगळ्या हसलो, पण मनातून थोड्या वरमलोही. कर्जाचा हप्ता आम्ही पैशापैशाने मोजतो, आणि इथे सहा महिने न मिळालेल्या वस्तूचे पैसे भरत राहिलो, कारण "त्यातलं आपल्याला काय कळतं" असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

आता बॉक्स बसवायला कुणी आलं, की आम्ही शेजारी उभ्या राहतो आणि विचारतो, "भाऊ, वायर कुठली लावली?" तुम्हीही विचारा. पैसे आपले आहेत.