यादी कोणी उघडली?
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून. लॉकर उघडायला ग्राहक आला की रजिस्टरात सही, तारीख, वेळ. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनांनंतर त्याच दिवशी त्याला एसएमएसही जातो. आपल्या सभासद-यादीला मात्र असे रजिस्टरच नव्हते.

२०२३ च्या विधानसभा निवडणुकीत इथे बेळगावात आपल्या घराघरांत एका उमेदवाराचे निरोप आले, नावानिशी. उमेदवार मराठी की कानडी, हे सोडा. यादी आपलीच होती. आडनावांतल्या चुकासुद्धा त्याच. संशय गेला यादी टाइप करणाऱ्या पोरावर. तो आता सभेला येत नाही.

यादी आहे अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणुकीत. मी तपासायला बसलो. कोणी काय उघडले याची नोंद ठेवायची सोय तिथे आहे, पण ती मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. आपण केली नव्हती. गेलेल्या दिवसांची नोंद मागाहून मिळत नाही. म्हणजे यादी त्या मुलाने दिली असे म्हणायला आधार नाही, आणि त्याला निर्दोष ठरवायलाही कागद नाही.

आता ती सोय चालू केली आहे. नोंदींसाठी वेगळा कप्पा केला; तो त्याच खात्यात आणि त्याच विभागात, आपल्या बाबतीत मुंबईत, असावा लागतो. यादीच्याच कप्प्यात नोंदी टाकल्या तर नोंदीची नोंद, तिची पुन्हा नोंद, आणि बिल चढत जाते. प्रत्येक ओळीत वेळ, आयपी पत्ता, फाइलचे नाव आणि मागणाऱ्याची ओळख असते. नोंदी काही तासांनी पोचतात, क्वचित एखादी सुटतेही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना व सरकारी कार्यालयांना १८० दिवसांच्या नोंदी जपायला सांगितले. आपण वर्षभर ठेवू, पुढे त्या आपोआप पुसल्या जातील.

खरी अडचण वेगळीच. आपण सातजण एकाच नावाने आत शिरतो. नोंदीत सातही एकच दिसणार! बँकेत दुसऱ्याचा पासवर्ड वापरला तर नोकरीवर येते.

म्हणून ठराव मांडतो: प्रत्येकाला स्वतंत्र नाव, आणि नोंदींचा कप्पा हिशेब तपासनिसाकडे. कार्यकारिणीकडे नको, माझ्याकडेही नको. "आपल्याच माणसांवर पहारा?" असे एका ज्येष्ठांनी विचारले. काका, ज्याच्यावर आळ आला त्यालाही विचारू या.

ठराव मंजूर झाला तर त्याची प्रत त्या मुलाच्या घरी मी स्वतः घेऊन जाणार आहे.