कोपीच्या दाराशी बिबट्या



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत मी पुष्कळ वर्षे श्रोत्यांत बसत आलो. आज चालकांनी मला व्यासपीठावर बसविले आहे. विषय मीच निवडावा, असे ते म्हणाले. मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात झाले. परंतु गेली पंचवीस-तीस वर्षे ऊसतोड मजुरांच्या तळांवर माझे जाणेयेणे आहे, आणि तेथे रात्र काढणाऱ्याला बिबट्याचा विचार करावाच लागतो.

आरंभ मात्र अमेरिकेपासून करतो. आमच्या एका कार्यकर्त्याचा भाचा तिकडे नोकरीला असतो. मोटारीमागे चाकांवरचे लहानसे घर जोडून तो सुटीत योसेमिटीच्या अरण्यात मुक्कामाला गेला होता. तेथे अस्वले फार. खाण्याचा वास आला की मोटारीचे दार डब्याच्या झाकणासारखे उचकटतात. म्हणून खाद्यपदार्थच नव्हेत, तर साबण आणि दंतमंजनसुद्धा मुक्कामाच्या जागी ठेवलेल्या लोखंडी पेटीत कुलूपबंद करावयाचे. मी त्याला विचारले, "ही पेटी ज्याची त्याने आणावयाची का?" तो म्हणाला, "छे, ती तिथे बसवलेलीच असते. न वापरली तर उलट दंड होतो."

मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. आठ दिवसांच्या हौशी पाहुण्यासाठी मुक्कामाची जागा सुरक्षित करणे, हे ती जागा देणाऱ्याचे काम मानले जाते. आता आमच्याकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, चाळीसगाव, नांदगाव इकडची माणसे संसार टायरगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कारखाना दाखवील त्या रानात बांबूच्या कामट्या वाकवून, वर चटई नाहीतर प्लास्टिकचा कागद घालून कोपी उभी करावयाची, आणि पाच-सहा महिने तेथे राहावयाचे. दाराच्या जागी लुगड्याचा पडदा. पडद्यापासून वीस पावलांवर उभा ऊस. आणि त्या उसात बिबट्या.

तो उसात आला कोठून, असे शहरातली मंडळी विचारतात. जानेवारी २०१९ मध्ये आपल्या गंगापूर रस्त्यावर, सावरकरनगरात, तो दिवसाढवळ्या अवतरला, गर्दीच्या गोंधळात काही जण जखमी झाले, तेव्हा तर सगळे नाशिक हाच प्रश्न विचारीत होते. उत्तर कालव्यात आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावे-उजवे कालवे निघाले आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. वर्ष-सव्वा वर्ष न हलणारे, पुरुषभर उंचीचे, आत सावली आणि शेजारी पाणी असलेले हे पीक आहे. बिबट्याला याहून निराळे जंगल कशाला हवे? मादी त्यात विते आणि पिले त्यातच वाढतात. त्या पिलांचा डोंगराशी काही संबंध उरलेला नसतो. निफाड-दिंडोरीच्या उसातला बिबट्या तेथे पाहुणा नाही, रहिवासी आहे.

विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. शंभर चौरस किलोमीटर शेतीच्या, वस्तीच्या मुलखात सुमारे पाच मोठे बिबटे निघाले. इतके असूनही तेथे माणसांवरचे हल्ले क्वचितच होत होते. मग ते खात काय होते? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात विष्ठा तपासून काढलेला हिशेब आहे. वजनाने पाहिले तर बिबट्याच्या आहारात ८७ टक्के पाळीव जनावरे, आणि त्यांत एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळी कुत्र्याच्या पुष्कळ मागे.

हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. कारण कित्येक वर्षे मी तळातळांवर सांगत आलो होतो, की प्रत्येक कोपीने कुत्रे पाळा, ते राखण करील. एका तळावर माझ्या सांगण्यावरून एका जोडप्याने पिल्लू आणले, वाढविले आणि रात्री कोपीच्या मेढीला बांधले. पहाटे साडेतीनला दोघे तोडीला गेली. आत चार वर्षांची पोर झोपलेली. बिबट्याने कुत्रे नेले. दोर तुटून राहिला. मेढीपासून पोरीच्या अंथरुणापर्यंत मी नंतर हाताने मोजले, तीन हात भरले. कुत्रे ओरडून सावध करते हे खरे, आणि म्हणून आजही मी ते सोडून द्या म्हणत नाही. पण ते झोपण्याच्या जागेपासून दूर बांधावे, शेळ्या-करडांना चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी असावी, कोंबडी-मासळीची घाण लांब नेऊन पुरावी, हे आता सांगतो. योसेमिटीच्या लोखंडी पेटीचे तत्त्व ते हेच. जनावर दाराशी का येते, ते आधी पाहावयाचे.

दुसरी चूक शेकोटीची. जुनी माणसे म्हणतात, रात्रभर जाळ ठेवा, जनावर येत नाही. पण कोपीभोवती पाचटाचा खच पडलेला असतो. वाऱ्याने एक ठिणगी उडाली, तर बिबट्याने वर्षात केले नसेल एवढे नुकसान घटकेत होते. जाळ नको, दिवा हवा.

बिबट्या माणसाला खाण्यासाठी टपून बसलेला नसतो. उभ्या माणसाची उंची, आवाज, घोळका या गोष्टी तो टाळतो. धोका असतो तो माणूस लहान दिसतो तेव्हा. एक म्हणजे मूल. आणि दुसरे, वाकलेले किंवा उकिडवे बसलेले माणूस. आता विचार करा, तळावर अंधारात उकिडवे कोण बसते? शौचाची सोय नसते. पुरुष दिवसा कोठेही जातात. बायांना पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराचीच वाट पाहावी लागते, आणि आडोसा म्हटला की उसाचा बांध. ज्या जागी जाऊ नये तेथे, जाऊ नये त्या वेळी, बसू नये तशा रीतीने जाणे, हे या बायांना रोज करावे लागते. आम्ही त्यांना सांगतो, तिघी-चौघी मिळून जा, बॅटरी न्या, मोठ्याने बोलत जा. त्या हसतात. एक आजी मला म्हणाली, "भाऊ, तिथं बी गप्पा मारीत बसू व्हय?" मला उत्तर सुचले नाही. चार पत्र्यांची फिरती संडासगाडी तळावर आणून उभी करणे, हेच त्याला उत्तर आहे.

समोर गाठ पडलीच, तर पळू नये. पळणाऱ्यामागे धावणे हा त्याचा स्वभाव. ताठ उभे राहावे, हात वर करून ओरडावे, मूल असेल तर उचलून घ्यावे, तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरावे आणि त्याची वाट मोकळी ठेवावी. तोडताना उसात पिले सापडली तर हात लावू नये. त्या तुकड्याची तोड थांबवून वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिले त्याच जागी पेटीत ठेवली, की रात्री आई येऊन घेऊन जाते. असे या जिल्ह्यात आणि जुन्नरकडे अनेकदा घडले आहे. पिले हलविली तर ती आई शोधीत हिंडते, आणि तिच्या वाटेत कोप्याच असतात. पण तोड थांबवावयाची कोणी? ट्रॅक्टर भरावयाचा असतो, मुकादम खाडा लावीन म्हणतो.

पिंजरा लावा आणि बिबट्या दूर नेऊन सोडा, ही मागणी प्रत्येक सभेत होते. मीही ती केली आहे, निवेदनांवर सह्या घेतल्या आहेत. जुन्नर भागात ते मोठ्या प्रमाणावर करून पाहिले गेले. तेथे १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत. धरून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लागल्यावर २००१ ते २००३ मध्ये ते वर्षाला सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते आणि घराकडे धाव घेते. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडला, तो चालत थेट मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत पोहोचला. 'आजोबा' नावाने त्याच्यावर चित्रपटही निघाला. आणि इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा घेतो. ज्याने माणूस मारला, तो बिबट्या धरलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पिंजरा ठेवला म्हणजे तळ सुरक्षित झाला, असे समजून मुलाला कोपीत एकटे टाकून जाणे जिवावर बेतते.

शहरी मित्रांची कधी कधी उलटी गफलत होते. सहजीवन हा शब्द ते फार लवकर उच्चारतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले. त्यांत दोन मुले होती. त्यानंतर तेथली माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. असे पट्टे आमच्याकडे धनगर आपल्या कुत्र्यांना घालीत. जो माणूस स्वतःच्या गळ्यात तो अडकवितो, त्याच्यापुढे सहजीवनावर बोलताना आवाज जरा खाली ठेवावा. ही माणसे निदान आपल्या गावात, पक्क्या भिंतीत झोपतात. कोपीला भिंत नाही.

शासन मृत्यूबद्दल २५ लाख रुपये देते. रक्कम लहान नाही. पण कुटुंब परजिल्ह्यातले, कागदपत्रे गावी, मुकादमाला हंगाम संपवावयाचा. अशा वेळी पंचनामा ताबडतोब होणे आणि वारसाचे कागद जुळणे यासाठी कोणीतरी मागे लागावे लागते. आम्ही लागतो. पण मेलेल्या पोराचे कागद जमवीत तहसिलीत बसण्याचे काम मला वारंवार करावयाचे नाही.

म्हणून मी पुन्हा जागेच्या मालकाकडे येतो. वर सांगितलेल्या गोष्टींपैकी मजुराच्या हातात किती आहेत? कुत्रे दूर बांधणे आहे. बाकी तळाची जागा, तोडीची वेळ, दिवा, संडास, मुलांपाशी कोण थांबणार, यातले काहीच त्याच्या हाती नाही. त्या पोरीच्या घटनेनंतर आम्ही त्या कारखान्याच्या शेतकी खात्याकडे गेलो. उत्तर मिळाले, "आठ दिवसांत हा ऊस तुटेल, मग उजाड रानच होईल." दुसऱ्या दिवशी तळाने कोयता खाली ठेवला. सायंकाळपर्यंत सौर दिवे आले, कोप्या उघड्या रानात हलल्या. दोन म्हाताऱ्यांना मुलांपाशी बसण्याबद्दल मजुरी द्या, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. आजही ती कोठे मान्य झाल्याचे मी ऐकलेले नाही. संत भगवानबाबांच्या नावाने २०२१ पासून शासनाने वसतिगृहांची योजना केली, ती चांगली आहे. शाळकरी मुले गावाकडे राहू शकतात. अंगावर पिणारे मूल मात्र आईबरोबरच येणार, आणि आई पहाटे साडेतीनला फडात जाणार.

पुढच्या हंगामाचे करार पावसाळ्यात होतील. त्यांत टनाचा दर असेल, मुकादमाचे कमिशन असेल. त्याच कागदावर तळाचे कलम घालावे, असे आम्ही यंदा मागितले आहे: उभ्या उसापासून पन्नास पावले मोकळी जागा, पाच कोप्यांमागे एक दिवा, बायांसाठी संडास, मुलांपाशी थांबणारीला अर्ध्या कोयत्याची मजुरी, आणि उजाडल्याशिवाय तोड नाही. शेवटच्या मुद्द्यावर आमच्यातच मतभेद आहेत. पहाटे सुरुवात केली नाही तर टन भरत नाहीत, असे मजूरच म्हणतात, आणि ते खोटे नाही.

या सभेत निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे ज्यांची शेती आहे अशी मंडळी पुष्कळ दिसतात. कोप्या कोठे पडावयाच्या, हे कारखाना ठरवितो खरा, पण शेतकऱ्याला विचारूनच. आपल्या रानात पंपाच्या पेटीजवळ, जेथे विजेचा खांब आहे आणि एखादा बल्ब लावता येतो, तेथली दोन गुंठे जागा आपण बहुधा वाहनांसाठी राखून ठेवता आणि कोप्यांना बांधाकडेची पडीक दाखविता. येत्या दिवाळीत ती अदलाबदल करता येईल का, हे घरी विचारून पाहा. आमचे कार्यकर्ते पावसाळा संपताच आपल्या दारी येणार आहेत.