थोडक्या पैशांत शर्यतीची मोटार

मोटारींची शर्यत म्हटली की सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. कानठळ्या बसवणारी यंत्रे, ताशी तीनशे किलोमीटरचा वेग आणि त्यापायी धुळीस मिळणाऱ्या लाखो रुपयांच्या राशी. हा श्रीमंतांचा खेळ, आपण तो लांबूनच पाहावा, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण शर्यतींच्या या बड्या घराण्यात एक गरीब, कष्टाळू असे धाकटे भावंडही आहे. त्याचे नाव ऑटोक्रॉस. पगारदार माणसाने, रोज कामावर नेण्याच्या जुन्या मोटारीने, सुटीच्या दिवशी खेळावा असा हा खेळ. त्यासाठी जुनी स्पोर्ट्स मोटार थोडक्या खर्चात कशी तयार करावी, याविषयी आज मी आपणांशी बोलणार आहे.

प्रथम हा खेळ कोणता ते सांगतो, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या देशांत निरनिराळे प्रकार चालतात. इंग्लंडात ऑटोक्रॉस म्हणजे गवताच्या किंवा मातीच्या मैदानावरची धाव. अमेरिकेत मात्र तो डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेत होतो. एखाद्या मोठ्या वाहनतळावर किंवा वापरात नसलेल्या धावपट्टीवर नारिंगी रंगाचे रबरी शंकू मांडून वळणावळणांचा मार्ग आखतात. मोटारी एकमेकींशी अंगाला अंग लावून धावत नाहीत. प्रत्येकीने ठराविक अंतराने सुटायचे आणि घड्याळाशी झुंजायचे. एक फेरी साधारणपणे अर्ध्या मिनिटापासून एका मिनिटापर्यंतची, आणि वेग बहुधा हमरस्त्यावरच्या वेगापेक्षा अधिक नसतो. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ‘सोलो’ या नावाने अशा शर्यती भरवतो. १९७३ सालापासून त्याची राष्ट्रीय स्पर्धाही होत आली आहे.

या खेळाचा एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. शंकू आडवा पडला किंवा त्या चौकोनाच्या पूर्ण बाहेर सरकला, तर एका शंकूमागे दोन सेकंद तुमच्या वेळेत मिळवले जातात. एखादे दार चुकले तर ती फेरीच बाद. आता पाहा, शेकडो डॉलर खर्चून बसवलेला एखादा भाग तुम्हाला फार तर सेकंदाचा काही अंश मिळवून देतो आणि एक शंकू तुमचे दोन सेकंद नेतो. पैसा कोठे घालावा आणि कोठे घालू नये, याचे अर्धे उत्तर या एका हिशेबात आहे.

उदाहरणासाठी मी एक मोटार निवडतो. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदा कंपनीने मियाटा नावाची दोन आसनांची उघडी मोटार लोकांपुढे आणली. साठ-सत्तर सालांतल्या ब्रिटिश उघड्या मोटारींचा, विशेषतः लोटस एलानचा, तिच्यावर ठसा होता. पण त्या मोटारींची दुखणी तिने घेतली नव्हती. पहिल्या अमेरिकन मॉडेलचे इंजिन १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे. वजन सुमारे ९९० किलो, आणि ते पुढल्या व मागल्या चाकांवर जवळजवळ समसमान वाटलेले. ढकल मागल्या चाकांची. चारही चाकांना दुहेरी विशबोन पद्धतीची बैठक. १९९४ च्या मॉडेलपासून इंजिन १.८ लिटरचे झाले आणि १९९७ मध्ये ही पहिली पिढी संपली. म्हणजे आज यातली धाकटी मोटारसुद्धा पंचविशी ओलांडून गेली आहे. तरीही वाहनतळावरच्या शर्यतींत ती आजही दिसते. अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या एखाद्या तरुण इंजिनिअरने अशी जुनी मोटार घेतली आणि रविवारी शर्यतीत उतरायचे ठरवले, तर त्याने कोठून सुरुवात करावी?

बहुतेकांचा हात पहिल्यांदा चुकीच्या ठिकाणी जातो. मोटार घरी आली की मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाची ताकद वाढवणारे भाग, रुंद चाके यांच्या जाहिराती चाळल्या जातात. आपल्याकडे शंकरपटाचा बैल राखणारा जाणता शेतकरी चाबूक नवा घेण्याआधी बैलाचे खूर पाहतो, पत्री पाहतो, जूं खांद्याला घासते का ते पाहतो. मोटारीचेही तसेच आहे. आधी पोटोबा, मग विठोबा.

या मोटारीचा पोटोबा म्हणजे ब्रेक. ब्रेकच्या तेलाला हवेतला ओलावा शोषून घेण्याची खोड असते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरला तरी प्रमाणात बसतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाखालचे पेडल जमिनीला टेकते. म्हणून जुन्या मोटारीतले तेल पूर्ण काढून नवे भरणे हे पहिले काम. त्याला लागतात एक बाटली, एक पारदर्शक नळी, एक पाना आणि पेडल दाबायला एक मित्र. ब्रेकच्या रबरी नळ्यांना चिरा असतील तर त्याही बदलाव्यात. पॅड झिजले असतील तर चांगल्या प्रतीचे साधे पॅड पुरतात. शर्यतीचे खास पॅड तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि एका मिनिटाच्या फेरीत ते तापायला सवड कोठली?

त्यानंतर इंजिन. दात्यांचा पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, साठ हजार मैलांनी बदलावा असे कंपनी सांगते. मागल्या मालकाने तो कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललाच नाही असे धरून चालावे. पट्ट्याबरोबर पाण्याचा पंप बदलून घेतला की दुहेरी मजुरी वाचते. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या काही इंजिनांत क्रँकच्या टोकाची चावी झिजून पुली डुगडुगण्याचा दोष आढळतो. मोटार विकत घेण्याआधीच तो तपासावा. क्लचचा छोटा सिलिंडर या मोटारीत वारंवार गळतो, पण तो स्वस्त आहे आणि घरच्या घरी बदलता येतो.

मग गंज. मागल्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीत, टपावरचे पाणी वाहून जाण्यासाठी भोके असतात. ती पालापाचोळ्याने बुजली की पाणी आत साठते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने या दुखण्यात भर पडते. खाऱ्या हवेने पत्र्याचे काय होते हे कोकणातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. वरचा रंग कितीही चकचकीत असो, त्या जागी बोटाने दाबून पाहावे. सांगाडाच कुजलेली मोटार फुकट मिळाली तरी महाग पडते.

एवढे झाले म्हणजे शर्यतीच्या तयारीला खरी सुरुवात होते, आणि तिथे पहिला मान टायरांचा. इंजिनाची ताकद, ब्रेकचा जोर, सुकाणूची आज्ञा, हे सगळे शेवटी तळहाताएवढ्या चार ठिकाणांतून जमिनीला पोहोचते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरावर झिजेचा एक आकडा छापलेला असतो. तो जितका लहान, तितके रबर सामान्यतः मऊ आणि चिकट. क्लबच्या रस्त्यावरच्या मोटारींच्या वर्गात हा आकडा किमान २०० असावा लागतो, आणि बरोबर २०० च्या आसपासचे असे टायर मिळतात की ज्यांवर शर्यतही खेळता येते आणि कामावरही जाता येते. टायरावर चार आकडी तारीखही असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. भरपूर नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचे रबर लाकडासारखे होते. ते स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नये.

टायरात हवा किती भरावी? यासाठी खडूचा एक तुकडा पुरतो. टायराच्या कडेवर खडूने आडव्या रेघा ओढाव्यात आणि एक फेरी मारावी. खडू बाजूच्या भिंतीपर्यंत खाली पुसला गेला असेल, तर टायर फार वाकतो आहे, हवा वाढवावी. कडेवरचा खडू शिल्लकच राहिला असेल, तर थोडी कमी करावी. हवामापक चांगला घ्यावा आणि प्रत्येक फेरीनंतरचा आकडा वहीत लिहावा. वहीला पैसे पडत नाहीत, पण वर्षाअखेर ती एखाद्या महागड्या भागापेक्षा अधिक शिकवते.

टायरांनंतर चाकांची ठेवण, म्हणजे अलाइनमेंट. मियाटाची मोठी सोय अशी की चारही चाकांचे कोन सरकत्या बोल्टांनी बदलता येतात. नवा भाग घ्यावा लागत नाही. वळणावर मोटार बाहेरच्या अंगाला झुकते आणि टायर कडेवर उभा राहू पाहतो. म्हणून चाकांचा माथा आधीच थोडा आत कलवून ठेवतात. मूळ उंचीच्या मोटारीत पुढे एक-दीड अंशापर्यंत कल मिळाला तरी फरक जाणवतो. पुढली चाके सरळ आणि मागली किंचित आत वळलेली ठेवली की मोटार वळायला चपळ आणि मागून स्थिर राहते. कारागिराला कागदावर आकडे लिहून द्यावेत. ‘शर्यतीसारखे करा’ एवढे सांगून भागत नाही.

उरलेल्या पैशांत काय घ्यावे, असे आपण विचाराल. शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळचेच असतील तर ते थकलेले असणार. ते बदलणे योग्य. पण त्याआधी नियमपुस्तक उघडावे. रस्त्यावरच्या मोटारींच्या वर्गात शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलता येतात आणि पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार बदलता येतो, पण स्प्रिंगा बदलता येत नाहीत आणि चाकाची रुंदी मूळचीच ठेवावी लागते. उत्साहाच्या भरात कोणी रुंद चाके आणि ठेंगण्या स्प्रिंगा बसवतो, आणि पहिल्याच सकाळी त्याला कळते की आपली मोटार वरच्या वर्गात ढकलली गेली आहे. तिथे पुरत्या बदललेल्या मोटारींशी गाठ. म्हणजे पैसेही गेले आणि जिंकण्याची आशाही गेली. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून चालू वर्षाचेच पुस्तक पाहावे.

आता हिशेब. हाती असलेल्या शंभर डॉलरांतले पन्नास दुरुस्तीला ठेवावेत, तीस टायरांना आणि ठेवणीला, दहा सुरक्षिततेला आणि दहा प्रवेशशुल्काला. दुरुस्तीतून काही उरले तर ते शॉक अ‍ॅब्सॉर्बरला द्यावे, आणि तेही न उरले तर या वर्षी ती खरेदी नको. इंजिनाच्या ताकदीचे खाते मी या यादीत मुद्दामच उघडलेले नाही. शिरस्त्राण पहिल्या दिवशी बऱ्याच क्लबांत उसने मिळते. पण खेळ सुरू ठेवायचा असेल तर आपल्या मापाचे, मान्य शिक्क्याचे स्वतःचे घ्यावे. ते जुन्या बाजारात घेऊ नये, कारण आतला अस्तराचा थर एकदा दबला की बाहेरून दिसत नाही. खर्च फारच जड वाटत असेल तर दोघा मित्रांनी एकच मोटार वाटून घ्यावी. नियमांना ते मान्य आहे.

शर्यतीच्या सकाळी तपासनीस मोटारीभोवती फिरतो. चाकाचे सर्व नट आहेत ना, बेअरिंग खेळत नाही ना, बॅटरी घट्ट बांधलेली आहे ना, तेल गळत नाही ना, सोडल्यावर अ‍ॅक्सिलरेटर परत येतो ना, हे तो पाहतो. हीच तपासणी आदल्या रात्री घरी करावी. मियाटाची बॅटरी मागच्या डिकीत असते, ती विसरू नये. चाकाचे नट टॉर्क पान्याने कसावेत. या मोटारीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर हे माप दिलेले आहे. सुटे सामान सगळे बाहेर काढावे. पायाखाली घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकखाली अडकली तर पुढे काय होईल ते सांगण्याची गरज नाही.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. या खेळात प्रत्येकाला आपली फेरी संपल्यावर मैदानात उभे राहून पडलेले शंकू उचलावे लागतात. म्हणजे तुमची मोटार येत असते तेव्हा काही अंतरावर तुमच्यासारखाच कोणीतरी नोकरदार, कोणाचा तरी बाप, कोणाची तरी मुलगी उभी असते. तुमचे ब्रेक शाबूत असतील या विश्वासावर ती उभी असते. शंभरातले पन्नास दुरुस्तीला, असे मी म्हटले ते या विश्वासासाठी.

शेवटची गोष्ट चालकाची. फेरीआधी मार्ग पायी चालू देतात. तो एकदा नव्हे, तीनदा चालावा. पहिल्यांदा ओळखीसाठी, दुसऱ्यांदा वळणांच्या क्रमासाठी, तिसऱ्यांदा डोळे मिटून आठवता यावा म्हणून. गाडीत बसल्यावर नजर समोरच्या शंकूवर न ठेवता त्याच्या पुढच्यावर ठेवावी. वळणात शिरताना संयम आणि बाहेर पडताना जोर, हा क्रम उलटा करू नये. नवख्यांच्या शेजारी बसून शिकवायला जुने खेळाडू बहुधा आनंदाने तयार असतात. त्यांना विनंती करायला संकोच कशाला? पहिल्या चार शर्यतींत मोटारीत काहीही न बदलता फक्त स्वतःत बदल करावा. चार शर्यतींनंतर मोटार काय मागते आहे ते आपोआप कळू लागते, आणि पुष्कळदा असे आढळते की ती काहीच मागत नव्हती.

रविवारी संध्याकाळी टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा रस्त्यावरच्या मापाला आणावी, काढलेले सामान जागेवर ठेवावे आणि नट एकदा तपासावेत. कारण सोमवारी सकाळी याच मोटारीने कामावर वेळेत पोहोचायचे आहे.