स्वागताध्यक्षांचे भाषण

सन्माननीय अध्यक्षमहाराज, शल्यविशारद बंधुभगिनींनो, परिचारिका व आशाताईंनो,

चिमाजी अप्पांनी 1739 साली सर केलेल्या या वसईच्या मुलखात मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने स्थलमाहात्म्य वर्णावे असा रिवाज आहे. परंतु किल्ल्याची आणि सुकेळ्यांची महती आपण जाणताच, तेव्हा ज्या अर्भकांच्या आतड्याची वाट जन्मतःच बंद असते, त्यांच्या मामल्याकडेच वळतो.

गर्भातच लहान आतडे खंडित कसे होते, याचा उलगडा 1955 साली केपटाऊनच्या लाऊ आणि बर्नार्ड यांनी केला. श्वानगर्भाच्या आतड्याचा रक्तपुरवठा तोडला की तेवढा भाग विरून मार्ग खुंटतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. हेच बर्नार्ड 1967 साली हृदयरोपणामुळे जगविख्यात झाले. माझ्यासारख्या वैद्यकाबाहेरच्या माणसाला मात्र त्यांचे आधीचे कार्यच अधिक थोर वाटते.

शस्त्रक्रियेची विद्या आपणांपाशी आहे. घात होतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याआधी. बाळ हिरवे ओकते, पोट फुगते, चोवीस तास उलटले तरी पहिली काळी शी होत नाही, आणि घरात ‘दूध बाधले’ म्हणून मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली जाते, सहाणेवर घुटी उगाळली जाते. आजीचे चुकते असे मी म्हणणार नाही. तिला हिरव्या रंगाचा अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो. आतड्याला पीळ पडला असेल, तर मात्र काही तासांतच ते मृत होऊ लागते.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, तरी मोखाड्याच्या बाळाला मुंबईतील परळच्या वाडिया रुग्णालयाची वाट धरावी लागली, तर घाट उतरून महामार्गाची वाहतूक कोंडी आणि वसईची खाडी ओलांडणे काही चुकत नाही. त्या प्रवासाआधी नळीने पोट रिकामे करणे, सलाईन लावणे आणि बाळाला ऊब देणे, एवढा बंदोबस्त लहान प्रसूतिगृहातही होऊ शकतो.

म्हणून माझी विनंती अशी की, हिरवी उलटी दिसताच, वरिष्ठांच्या सहीसाठी न खोळंबता, बाळाला शल्यविशारदाकडे रवाना करण्याची मुभा परिचारिकेस असावी, असा ठराव या परिषदेने संमत करावा, आणि तो आशाताईंना वाचता येईल अशा सोप्या मराठीत प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावण्याची तजवीज करावी.