श्रद्धावंतांचे मंडळ आणि महाविद्यालयाचे दार



देवळात दर्शनास कोणताही भाविक यावा, परंतु महाजनांच्या सभेत मत द्यावयाचे ते नोंदवहीत नाव असलेल्यानेच, ही व्यवस्था या सभामंडपात बसलेल्यांना समजावून सांगण्याचे कारण नाही. येणारा कोण व कारभार पाहणारा कोण, हा भेद येथे अंगवळणी पडलेला आहे. अमेरिकेतील विद्यापीठांत मात्र नेमक्या याच भेदावरून विद्यार्थी न्यायालयाच्या पायऱ्या चढले. सहिष्णुतेचे व्रत घेतलेल्या संस्थेने श्रद्धावंतांच्या मंडळास कोठवर सामावून घ्यावे, हा वादाचा विषय.

आरंभीचा तंटा त्या मानाने सरळ होता. कॅन्सस सिटी येथील मिसूरी विद्यापीठाने प्रार्थना करणाऱ्या विद्यार्थ्यांना खोली नाकारली. इतर मंडळांना खोल्या मोकळ्या असतील, तर केवळ प्रार्थनेमुळे दार लावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने सांगितले.

खरा पेच पडला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हेस्टिंग्ज विधि महाविद्यालयात. तेथील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मंडळाने 2004 साली असा नियम केला की, सभासदाने व पदाधिकाऱ्याने श्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी. विवाहबाह्य वा समलिंगी संबंध जो गैर मानीत नाही त्यास प्रवेश नाही. महाविद्यालय म्हणाले, मान्यता हवी असेल तर कोणाही विद्यार्थ्यास घेतले पाहिजे. मंडळाने नकार दिला व मान्यता गमावली. खोली वापरण्याची तयारी महाविद्यालयाने दाखविली होती. निधी मात्र नाही, महाविद्यालयाचे नाव व चिन्ह लावण्याची मुभाही नाही.

2010 च्या जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी महाविद्यालयाची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती रूथ गिन्सबर्ग यांचा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. मंडळांचा निधी सर्व विद्यार्थ्यांच्या सक्तीच्या शुल्कातून येतो. ज्या मंडळाचे दार आपल्याला बंद, त्याच्याच खर्चासाठी एखाद्या मुलाने पैसे का भरावेत? ज्याला केवळ तो जसा आहे तसा असल्याबद्दल नाकारले जाते, त्याचा अपमान खराच असतो, आणि श्रद्धेचे नाव घेतल्याने तो सौम्य होत नाही.

तथापि विरोधी मत देणारे न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवले. 'सर्वांस प्रवेश' हा नियम महाविद्यालयास वाद उपस्थित झाल्यावर सुचला, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय ज्याने त्याने येऊन मते द्यावयाची, तर श्रद्धेभोवती जमलेल्या मंडळात श्रद्धेची कास धरून राहणार कोण? महाजनांच्या सभेत नोंदवहीच नसती, तर काय झाले असते याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. अर्थात् देवस्थान म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारे महाविद्यालय नव्हे, हेही विसरता कामा नये.

नियम सर्वांस सारखा लावणे बोलण्यास सोपे, हे पुढे आयोवा विद्यापीठात दिसून आले. तेथील वाणिज्य शाखेच्या ख्रिस्ती मंडळात सभासद कोणीही व्हावे, सही फक्त पदाधिकाऱ्यांनी करावयाची. एका समलिंगी विद्यार्थ्यास पद नाकारले गेले. त्याने तक्रार केली, आणि 2017 साली मंडळाची नोंदणी रद्द झाली. त्या विद्यार्थ्याने मग आपले निराळे ख्रिस्ती मंडळ काढले. त्याच्याही पदाधिकाऱ्यांना प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागे, फक्त मजकूर उलट होता. त्याची नोंदणी विद्यापीठाने बिनतक्रार केली! आपण समदृष्टी आहो हे दाखविण्यासाठी 2018 मध्ये विद्यापीठाने सर्व मंडळांच्या घटना तपासल्या, तेव्हा शीख व मुसलमान विद्यार्थ्यांच्या मंडळांचीही नोंदणी गेली. केवळ मुलांच्या वा केवळ मुलींच्या निवासी मंडळांना असलेली सूट मात्र अबाधित राहिली.

2021 साली वरिष्ठ अपील न्यायालयाने ही निवड पक्षपाती ठरविली, आणि संबंधित अधिकाऱ्यांना नुकसानीबद्दल व्यक्तिशः जबाबदार धरता येईल असेही म्हटले. त्याने 2010 चा निकाल रद्द झालेला नाही. जेथे नियमाला एकही अपवाद नाही, तेथे तो आजही लागू पडतो. अशी विद्यापीठे कितीशी असतील, ते शोधावे लागेल.