विद्यापीठाचे ग्रंथालय आणि आपली मुले

(सोसायटीच्या वार्षिक पालक मेळाव्यात वज्रेश्वरी येथे केलेले भाषण)



मेळाव्याला जे येतात त्यांच्यापेक्षा स्मरणिका घरी नेऊन वाचणारे जास्त असतात. म्हणून मी वाचणाऱ्यालाच समोर बसवून बोलणार आहे.

आपल्या भागातील मुलगा वा मुलगी पदवीधर झाली की त्या प्रमाणपत्रावर मुंबई विद्यापीठाचे नाव असते. आपण ते चौकटीत बसवून भिंतीवर लावतो, नातेवाइकांना दाखवतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या विद्यापीठाने हा कागद दिला, त्याच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या आपल्यापैकी किती मुलांनी चढल्या आहेत? हा प्रश्न केला की एकच उत्तर मिळते, “सर, ते पीएच.डी. करणाऱ्यांचे काम.” हे उत्तर मला मान्य नाही. आज त्याबद्दलच बोलायचे आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. त्याला ग्रंथालयासाठी इमारत नव्हती. 1864 मध्ये प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा. हा पैसा आला कुठून? अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भिवंडीच्या लूमवर ज्यांची पोटे चालतात त्यांना सुताचे भाव चढले-पडले की काय होते हे मी सांगायला नको. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि प्रेमचंदही बुडाले. ग्रंथालय मात्र राहिले. आराखडा इंग्लंडच्या गिल्बर्ट स्कॉट यांचा, ते स्वतः मुंबईला कधी आलेच नाहीत. 1869 मध्ये पाया घातला, 1878 मध्ये काम पुरे झाले. 280 फुटांचा तो मनोरा, खाली रंगीत काचांच्या खिडक्यांचे वाचनालय. राजाबाईंना दिसत नसे, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी म्हणून मनोरा बांधला, असे लोक सांगतात. त्या इमारतीची मोठी दुरुस्ती 2015 मध्ये पूर्ण झाली, आणि 2018 मध्ये तो सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. आपली मुले ओव्हल मैदानावर क्रिकेट पाहतात, मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि परततात.

इमारतीपेक्षा मोलाची गोष्ट आत आहे. या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा संग्रह आहे. खानबहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज या विद्वानांनी त्याची वर्णनात्मक सूची तयार केली, ती विद्यापीठाने 1935 मध्ये छापली. अशी सूची करणे म्हणजे नुसती यादी लिहिणे नव्हे. एकेक हस्तलिखित उघडून ते कोणाचे, कोणत्या कातिबाने नकलले, कोणत्या साली, आरंभ काय, अखेर काय, पाने गळाली आहेत का, हे नोंदवावे लागते. पुढे आसफ अली असगर फैजी यांनी आपल्याजवळची इस्माइली पंथाची हस्तलिखिते या ग्रंथालयाला दिली. फैजी यांचा जन्म 1899 मध्ये माथेरानला झाला. ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, स्वतंत्र भारताचे इजिप्तमधील राजदूत होते, आणि मुस्लिम कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आजही वकिलीचे विद्यार्थी वाचतात. इतकी मौल्यवान हस्तलिखिते त्यांनी घरच्या कपाटात कुलूप लावून ठेवली नाहीत. मुइझ गोरियावाला यांनी केलेली त्या संग्रहाची सूची विद्यापीठाने 1965 मध्ये प्रसिद्ध केली. जगातले अभ्यासक तिचा हवाला देतात.

आता मुद्द्याचे सांगतो. ही हस्तलिखिते उद्या कोण वाचणार? ज्याला ती लिपी येते त्याला अनेकदा मराठी येत नाही, आणि ज्याला मराठी येते त्याला ती लिपी येत नाही. आपला मुलगा सकाळी मदरशात अलिफ-बे शिकतो आणि दुपारी शाळेत मराठी धडा वाचतो. दोन्ही किल्ल्या त्याच्या खिशात आहेत, पण कुलूप कुठे आहे हे त्याला कोणी दाखवलेलेच नाही! मराठ्यांच्या इतिहासाची कितीतरी साधने फारसीत आहेत. दप्तर, अर्ज, फिर्याद, वसूल, चिटणीस हे शब्द आपण रोज बोलतो ते त्याच वाटेने मराठीत आले. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने अभ्यासून मराठीत इतिहास लिहिला, उर्दू काव्यही मराठी वाचकांपुढे आणले. निलंग्याचा मराठी माणूस हे करू शकतो, तर भिवंडी तालुक्यातील मुलाला काय अडचण आहे?

फोर्टमधील ग्रंथालयाखेरीज कालिना येथे विद्यानगरीत जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. शिवाय अलीकडे ग्रंथालय घरापर्यंतही येऊ लागले आहे. ‘शोधगंगा’वर देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध मोबाइलवर विनामूल्य वाचता येतात. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शालेय पुस्तकांपासून पुढचे सारे आहे. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात सहा हजारांहून अधिक सरकारी संस्थांना सुमारे 13 हजार नियतकालिके खुली झाली. जे मोबाइल मुलांच्या हातात रात्री बारापर्यंत असतात, त्यांचा एवढा उपयोग तरी व्हावा. (काही पालकांच्या हातातही असतात, तो विषय वेगळा.)

अडचणी मला माहीत आहेत. भाड्याला पैसे लागतात, एक दिवसाचा रोज बुडतो. वज्रेश्वरीहून एस.टी.ने वसई वा विरार गाठले की लोकल थेट चर्चगेटला जाते, पुढे मैदान ओलांडले की ग्रंथालय. कालिन्याला जायचे तर सांताक्रूझला उतरून पूर्वेकडून बस घ्यावी. महाविद्यालयाचे ओळखपत्र न्यावे, आपल्या ग्रंथपालांकडून परिचयपत्र घ्यावे, आणि वेळ व नियम आधी फोन करून विचारावेत. मुलींच्या बाबतीत “एवढ्या लांब एकटी कशी पाठवणार?” हा प्रश्न रास्त आहे. तीन-चार मुलींनी मिळून जावे, पहिल्या वेळी कोणाची अम्मी वा खाला सोबत जावी. लग्नाच्या खरेदीसाठी आपण मुलींना घेऊन मुंबईला जातोच.

नोकरीचे विचारणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एका वर्षाचा ग्रंथालयशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम असतो. मुंबई विद्यापीठात तो आहे, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहूनही करता येतो. पुढे पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट झाले की महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. जागा थोड्या आहेत हे खरे. पण लूमवरही आता फार जागा उरलेल्या नाहीत.

12 ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. ते मुळात आपल्यासारखेच शिक्षक, गणिताचे. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि देशाच्या ग्रंथालयांना त्यांनी वळण लावले. यंदा त्या आठवड्यात अकरावी-बारावी आणि महाविद्यालयातील मुलामुलींची एक तुकडी फोर्टला नेण्याचा विचार आहे. परवानगीसाठी पत्र लिहीत आहोत. दोन शिक्षिका सोबत असतील. ज्यांना आपले मूल पाठवायचे असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात नाव, इयत्ता आणि पालकाची सही द्यावी. ज्यांना भाडे जड वाटत असेल त्यांनी मला बाजूला घेऊन सांगावे, व्यवस्था होईल. डबा घरून आणायचा आहे.