गाडीतला कॅमेरा

(सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण)



कमिटीने मला डॅशकॅमवर बोलायला सांगितलंय. माझं आयुष्य बँकेत गेलं, मी वकील नव्हे. पण या कॅमेऱ्यापायी माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो.

मागच्या वर्षी आपल्याच एका सभासदांना मी दवाखान्यात नेत होतो. सिग्नलजवळ एक टेम्पो आडवा आला, बंपर घासला आणि निघून गेला. घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. टेम्पो सगळ्यांनी पाहिला, आणि शेजाऱ्यांचा आवाजही सगळ्यांनी ऐकला. ते मला स्वतःच्या आजाराबद्दल सांगत होते. तोवर मुलांनाही त्यांनी कळू दिलं नव्हतं! मला मात्र ते एका शब्दाने बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. आज हे त्यांना विचारूनच सांगतोय.

खासगी गाडीत डॅशकॅम लावायला आपल्याकडे बंदी नाही आणि सक्तीही नाही. पण २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून घरगुती वापर वगळलाय खरा. पण दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकलेलं चित्रण घरगुती कसं म्हणायचं?

दुसरी फजिती पुढेच. क्लेमसाठी मूळ चित्रण शोधलं, तर कार्डावर नाही! कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावरच नवं चित्रण करतो. हाती उरली फक्त व्हॉट्सॲपची प्रत. बँकेत कोर्टासाठी लेजरचा उतारा देताना आम्ही १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याप्रमाणे दाखला जोडायचो. इथेही तोच न्याय. जालन्याच्या खोतकर निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर करत नसाल तर प्रतीबरोबर दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. तेव्हा अपघात झाला की त्याच दिवशी कार्ड काढा, पाकिटात घालून तारीख टाका. ग्रुपवर नाही, पोलिसांकडे द्या.

माझ्या कॅमेऱ्याचा माइक आता बंद असतो. परवा त्याच शेजाऱ्यांना घेऊन निघालो. बसताना कॅमेऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ऐकतोय का हो हा?" म्हटलं, "नाही, बघतोय फक्त."